एका जागी चालण्याची कैफियत

पुण्यात सहकारनगर भागात, पर्वतीच्या पायथ्यापासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आमची जी गृहनिर्माण संस्था आहे, तिच्या कार्यकारी मंडळाने सभासदांच्या वारंवारच्या आग्रहास्तव तळमजल्यावरील एक खोली, जिच्यात आजवर गणेशोत्सवाच्या मांडवाचे बांबू, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या सभांची इतिवृत्ते एकाच धुळीखाली गुण्यागोविंदाने नांदत होती, ती गेल्या वर्षी रिकामी करविली आणि तेथे व्यायामाची चार यंत्रे आणून बसविली. त्यांपैकी धावण्याचा पट्टा आणि जागच्या जागी चालविण्याची सायकल यांचा उलगडा पाहताक्षणी होतो. वजने ओढण्याचे यंत्रही आपला हेतू लपवीत नाही. परंतु चौथे यंत्र, ज्याला व्यायामशाळांतील मंडळी कधी ‘एलिप्टिकल’ तर कधी ‘क्रॉस ट्रेनर’ म्हणतात, ते नवख्याला कोड्यात टाकते. दोन रुंद पेडले, छातीपर्यंत येणारे दोन हलते दांडे आणि आवरणाआड फिरणारे एक जड चक्र, एवढाच त्याचा संसार. पेडलांवर उभे राहून पाय हलवू लागले की पाऊल पुढे जाते, खाली येते, मागे सरकते आणि पुन्हा वर उचलले जाते. पण पेडलाचा आधार ते क्षणभरही सोडीत नाही. पावलाच्या या फेऱ्याचा माग कागदावर काढला तर लंबवर्तुळ उमटते, आणि त्या आकृतीवरूनच यंत्राला त्याचे इंग्रजी नाव पडले. प्रीकोर या अमेरिकन कंपनीने १९९५ साली ते बाजारात आणले. आता ते आमच्या बांबूंच्या जागी उभे आहे.

आमच्या शेजारी मामा राहतात. ते माझे नात्याने कोणी नव्हेत. सारी इमारत त्यांना मामा म्हणते म्हणून मीही म्हणतो. वय ७१, सेवानिवृत्त तहसीलदार, परंतु जुन्या वळणामुळे स्वतःस मामलेदार म्हणवून घेण्यात अधिक संतोष मानणारे. निवृत्तीनंतर एक दिवसाचाही खाडा न करता त्यांनी पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढल्या-उतरल्या, तो गेल्या दिवाळीत उजवा गुडघा कुरकुरू लागला, अस्थितज्ज्ञांनी छायाचित्र पाहून सांध्यातील कूर्चा झिजल्याचा निर्वाळा दिला आणि पायऱ्यांस मनाई झाली. तेव्हापासून मामा तळमजल्यावरील त्या चौथ्या यंत्राच्या वाटेला गेले होते, आणि तीन आठवड्यांच्या अनुभवानंतर त्याच्याविरुद्ध एक भरभक्कम तक्रार त्यांच्या मनाच्या दप्तरी दाखल झाली होती. त्यांची सख्खी भाची व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. एका रविवारी सकाळी ती मामांकडे आली असता आम्ही तिघे त्या खोलीत गेलो, आणि तेथे जो जाबजबाब झाला तो, माझी पदरची भर शक्य तितकी कमी घालून, येथे उतरवीत आहे.

मामा — हे बघ बाळ, माझे पहिले म्हणणे असे, की जो माणूस अर्धा तास चालतो आणि जेथे होता तेथेच राहतो, त्याने चालले असे म्हणण्यात भाषेचा अपमान आहे. लंबवर्तुळ म्हणता, तर ग्रहसुद्धा लंबवर्तुळातच फिरतात. पण ते निदान सूर्याला फेरी घालून येतात. मी कशाला घालतो? भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याला?

भाची — हृदयाला पत्ता कळत नाही, मामा. स्नायूंनी प्राणवायू मागितला की ते तो पुरवते. मागणी पर्वतीवरून आली की तळमजल्यावरून, याची चौकशी ते करीत नाही.

मामा — चौकशी मी करतो, म्हणूनच सांगतो. १८१८ साली विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने तुरुंगांसाठी एक पायचक्की काढली. कैद्यांनी तासन्‌तास त्या चक्राच्या पायऱ्या चढायच्या आणि कोठेही पोहोचायचे नाही. ही शिक्षा इतकी अमानुष ठरली की १८९८ च्या कायद्याने इंग्लंडने ती काढून टाकली. कैद्यांना जी नको झाली, ती आम्ही देखभाल-वर्गणी भरून विकत घेतली, असे मला दिसते.

भाची — तुम्ही इंग्लंडातला दाखला दिलात, तर मीही तेथलाच देते. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक आणि वाहक एकाच खात्याचे, एकाच वर्गातले, एकाच गाडीत दिवस काढणारे. परंतु चालक दिवसभर बसून, आणि वाहक तिकिटे देण्यासाठी शेकडो पायऱ्या वर-खाली करणारा. वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा लक्षणीय कमी आढळले. आता सांगा, तो वाहक तरी कोठे गेला होता? गाडी लंडनभर फिरली असेल. तो एका जिन्याच्या बाहेर गेला नाही.

येथे मामा थोडे थांबले. शिक्षणासाठी त्यांनी तीन वर्षे मुंबईत काढली होती, आणि बेस्टच्या दुमजली गाडीत, तिकिटाच्या चिमट्याची टिकटिक करीत वरच्या मजल्यावर धडाधडा चढणारे वाहक त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असावेत. ‘ते सगळे काटक असत, हे खरे,’ एवढी कबुली त्यांनी दिली. पण कज्जा सोडला नाही.

मामा — ठीक आहे. तत्त्व तूर्त मंजूर. पण पुरावा काय? मी तीन आठवडे रोज तीस मिनिटे या यंत्रावर हजेरी लावतो. एक दिवस चुकलो नाही. वजन होते तेथे, पोट होते तेथे, आणि परवा वीज गेली तेव्हा चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढताना दोनदा थांबलो. उलट पंधरा मिनिटांनंतर पायांच्या बोटांना मुंग्या येतात, तेवढी मिळकत झाली. हे यंत्र निरुपयोगी आहे, याहून निराळा निष्कर्ष तूच काढून दाखव.

भाची — निष्कर्ष नंतर. आधी चढा; मला स्थळपाहणी करू द्या.

मामा यंत्रावर चढले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, यंत्राच्या पडद्याखालच्या खाचेत सकाळचे वर्तमानपत्र चौघडी करून टेकविले, दोन्ही कोपरे मधल्या स्थिर मुठींवर विसावली, आणि अग्रलेखाच्या पहिल्या परिच्छेदावर दृष्टी स्थिर करून पाय हलविण्यास प्रारंभ केला. पडद्यावर रोधाची पातळी २ दिसत होती. त्यांच्या टाचा पेडलावरून वर उचललेल्या, कंबर मागे, छाती पुढे झुकलेली, आणि शरीराचा बराच भार हातांवर. दुरून पाहणाऱ्यास वाटावे की कोणी गृहस्थ कचेरीच्या खिडकीत कोपरे टेकून अर्जाची पोच मिळण्याची वाट पाहत आहेत. भाचीने दोन मिनिटे काहीही न बोलता पाहिले आणि मग एकाएकी म्हटले, ‘मामा, पायांनी जोर लावणे बंद करा, पण उतरू नका.’ मामांनी जोर काढून घेतला. पेडले थांबली नाहीत. आतले जड चक्र आपल्याच वेगाने फिरत राहिले आणि मामांचे पाय त्याच्याबरोबर आणखी कितीतरी फेरे मुकाट्याने फिरून आले.

भाची — पाहिलेत? तीन आठवडे तुम्ही यंत्राला चालवीत नव्हता. यंत्र तुम्हाला चालवीत होते. चक्राला एकदा गती आली की हलक्या पातळीवर ते ती गती सांभाळते, पायांना फक्त सोबत करावी लागते. हजेरीपुस्तकात सही आहे, काम मात्र झालेले नाही.

मामा — असे कारकून मी खूप पाहिले आहेत. पुढे सांग.

भाची — पहिली गोष्ट, कोपरे उचला. जितका भार हातांवर, तितका पायांना कमी, आणि पायांना कमी म्हणजे हृदयालाही कमी. ताठ उभे राहा, खांदे सैल, दृष्टी समोर. दुसरी गोष्ट, टाच शक्य तितकी टेकवा; चवड्यांवर सारा भार पडतो म्हणून बोटांना मुंग्या येतात. बुटांच्या नाड्याही सैल करा, कारण येथे पाऊल उचललेच जात नसल्यामुळे ते एकाच जागी दाबले जाते. मधूनमधून बोटे हलवा. तिसरी गोष्ट, हे हलते दांडे नुसते धरायचे नाहीत. एक ढकलायचा, दुसरा ओढायचा. छाती, पाठ आणि दंड यांनाही कामात घेतले तर मागणी वाढते. आणि चौथी गोष्ट, जी खरी मुख्य, ती ही पातळी.

असे म्हणून तिने कळ दाबीत पातळी दोनवरून तीन, चार, पाच अशी चढवीत सहावर नेली. मामांच्या पायांची चाल मंदावली. पेडल खाली दाबताना मांडीच्या स्नायूला पीळ पडलेला पायजम्यावरूनही दिसू लागला. भाचीने पुन्हा जोर काढून घ्यायला सांगितले. या खेपेस पेडले एखाद-दुसऱ्या फेऱ्यातच थबकली. ‘ही तुमच्या आजच्या कामाची पातळी,’ ती म्हणाली, ‘पाय सोडले की यंत्राने लवकर थांबले पाहिजे. आता याच पातळीवर मिनिटाला १२० ते १४० पावले पडतील असा ठेका धरा. दोन्ही पायांची मिळून. काही यंत्रे पावले मोजतात, काही पुरे फेरे मोजतात. पडद्यावर ६०-७० दिसले तर ते फेरे समजायचे, घाबरून दुप्पट धावायचे नाही.’

पाचव्या मिनिटाला मामांनी वर्तमानपत्र काढून माझ्या हाती दिले. अक्षरे हलतात, असे कारण त्यांनी सांगितले.

थोड्या वेळाने ते उतरले आणि कपाळ पुसून त्यांनी आपला सर्वांत जोरकस मुद्दा बाहेर काढला.

मामा — काम झाले नाही म्हणतेस. मग या पडद्याचे काय? रोज तीस मिनिटांनंतर येथे २९० कॅलरी खर्च झाल्याचा आकडा येतो. मी वहीत टिपून ठेवला आहे. लेखी पुरावा आहे.

भाची — मामा, तुमच्या नोकरीत पिकांची पैसेवारी कशी ठरत असे?

मामा — आधी नजर पैसेवारी. तलाठी आणि समितीतली मंडळी शिवारावर नजर टाकून अंदाज बांधतात. मग सुधारित, आणि पीककापणी प्रयोगांनंतर अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर गाव टंचाईत. म्हणून तर नजर पैसेवारीवर विसंबून कोणी शहाणा अधिकारी हुकूम काढीत नाही. शेतात प्लॉट आखावा लागतो, पीक कापावे लागते, धान्य तोलावे लागते.

भाची — हा २९० चा आकडा म्हणजे यंत्राची नजर पैसेवारी. त्याला तुमचे वजन ठाऊक नाही, कारण तुम्ही ते कधी भरलेच नाही; तुम्ही कोपरांवर रेललात हेही त्याला कळले नाही. आता आपण हिशेब करू. मध्यम जोराने हे यंत्र चालविल्यास विश्रांतीच्या सुमारे पाचपट शक्ती लागते असे शरीरशास्त्राचे कोष्टक सांगते. तुमचे वजन ६२ किलो. पाचाला साडेतीनने गुणा, त्याला बासष्टने गुणा आणि दोनशेने भागा. मिनिटाला साडेपाचच्या आत कॅलरी येतात. तीस मिनिटांच्या १६३. त्यातही तुम्ही घरी आरामखुर्चीत बसला असता तरी ३२-३३ खर्च झाल्याच असत्या, त्या वजा करा. निव्वळ वसूल १३०. आणि हे मध्यम जोर लावला असता तर. तुम्ही तर अग्रलेख वाचत होता.

मामा — म्हणजे एक पुरणपोळीसुद्धा फिटली नाही.

भाची — नाही, आणि तिच्यावरचे तूप तर बाकीतच राहिले. म्हणून वजनाचा प्रश्न बराचसा ताटात सोडवायचा असतो. यंत्रावर येण्याचे खरे कारण हृदय आणि फुप्फुसे हे आहे. चौथ्या मजल्यापर्यंत न थांबता पोहोचणे हे तुमचे उद्दिष्ट धरा.

येथे मला राहवले नाही. पडद्याचा आकडा जर नजर पैसेवारी, तर पीककापणी प्रयोग कोणता, असे मी विचारले. भाचीने माझे वय विचारले, ६०. सकाळी उठल्यावरची नाडी विचारली, ७०. आणि भिंतीवरच्या नोटीस-फळ्यावर खडूने गणित मांडले. वय २२० मधून वजा करून कमाल नाडी काढण्याची जी रीत व्यायामशाळांत सर्रास चालते, तिच्याप्रमाणे माझी कमाल मर्यादा १६० येत होती. २००१ साली तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविलेल्या सूत्राप्रमाणे, म्हणजे वयाची सात दशांश पट २०८ मधून वजा केल्यास, ती १६६ ठरते. आणि चाळिशीनंतर वय जसजसे वाढते तसतसे या दोन सूत्रांतील अंतरही वाढत जाते, असे तिने दाखविले. पुढे कार्व्होनेन या फिनिश शास्त्रज्ञाच्या १९५७ च्या पद्धतीने तिने कमाल नाडीतून विश्रांतीची नाडी वजा केली. १६६ उणे ७०, म्हणजे ९६ ठोक्यांची शिल्लक. या शिलकीचा निम्मा हिस्सा ७० मध्ये मिळविला की ११८, आणि सात दशांश हिस्सा मिळविला की १३७. ‘काका, तुमची नाडी या दोन आकड्यांच्या दरम्यान वीस-तीस मिनिटे राहिली, तर काम झाले असे समजा. मात्र ही सूत्रे सरासरीची आहेत. एखाद्याची खरी मर्यादा दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असू शकते.’

मामांनी फळ्याकडे पाहून स्वतःचे गणित मनातल्या मनात केले असावे, कारण ते एकदम म्हणाले, ‘मग माझे काहीतरी बिघडले आहे. आत्ता धाप लागली होती तेव्हा मुठींवर हात ठेवून पाहिले, तर पडदा फक्त ९६ दाखवीत होता.’

भाची — रक्तदाबासाठी तुम्ही मेटोप्रोलॉल घेता ना? मग ते स्वाभाविक आहे. त्या वर्गातले औषध हृदयाची गती वाढू देत नाही; त्याचे कामच ते. नाडीच्या सूत्रावर विसंबून तुम्ही १२० गाठायला गेलात तर जिवावर बेतेल, आणि ते औषध डॉक्टरांना न विचारता बंद करणे तर त्याहून धोक्याचे. तुमच्यासाठी पीककापणी प्रयोग निराळा आहे, आणि खरे सांगायचे तर तो सर्वांनाच लागू पडतो. बोलून पाहा. पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो भारी जोर. आणि अभंग संथपणे म्हणता येत असेल, तर तो व्यायाम नव्हे, भजन.

मामा — आणि अग्रलेख वाचता येत असेल तर?

भाची — ते तुम्हीच ठरवा. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने याच गोष्टीला आकड्यांत बसविले आहे. ६ म्हणजे श्रम अजिबात नाहीत, २० म्हणजे याहून अधिक अशक्य. तुम्ही १२-१३ च्या आसपास राहायचे, ‘जरा कष्ट पडतात’ असे मनाला वाटेल तेथे.

यानंतर कामाचे वेळापत्रक ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे भारी व्यायामाची शिफारस केली आहे. त्या हिशेबाने मामांची रोजची तीस-तीस मिनिटे मुदतीच्या दृष्टीने बिनचूक होती, फक्त भरणा खोटा होता. भाचीने सुचविले, की तीन दिवस एकसारख्या मध्यम जोराने चालावे आणि दोन दिवस चढउताराचा क्रम ठेवावा. पाच मिनिटे हलक्या पातळीवर अंग तापवायचे. मग एक मिनिट असा जोर, की वाक्य मध्येच तुटावे. पुढची दोन मिनिटे सावकाश. असे सहा फेरे, आणि शेवटी पाच मिनिटे हळूहळू उतरत जाणे. एकूण २८ मिनिटे. एकाएकी थांबू नये, कारण पायांत उतरलेले रक्त वर येण्यास अवधी मिळत नाही आणि भोवळ येते. दर दोन-तीन आठवड्यांनी पातळी एकाने वाढवावी, अन्यथा शरीर जुन्या ओझ्याला सरावते. मधूनच मिनिटभर उलट्या दिशेने पाय फिरवावेत. मांडीचा पुढचा भाग तेव्हा अधिक कामास लागतो. नॉर्वेतील ट्रॉण्डहाइम येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकप्रिय केलेला चार-चार मिनिटांच्या चार भारी फेऱ्यांचा आणि मध्ये तीन मिनिटांच्या सावकाश चालीचा क्रम मी कोठेतरी ऐकला होता, तो मी पुढे केला. पण तेथे नाडी कमाल मर्यादेच्या ८५ ते ९५ टक्क्यांपर्यंत न्यावी लागते, सबब तो मुरलेल्या माणसासाठी आहे आणि हृदयाची तपासणी झाल्याखेरीज आम्हा दोघांसाठी तहकूब, असा निकाल मिळाला. छातीत दाब वाटणे, कळ हातात किंवा जबड्यात जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर आकड्यांकडे न पाहता उतरायचे आणि डॉक्टर गाठायचे, हेही तिने दोनदा बजावले.

मामा सर्व ऐकून घेत होते. परंतु मामलेदारकीचा पिंड असा, की विरुद्ध पक्षाचे म्हणणे पूर्ण ऐकल्यावाचून आपला राखून ठेवलेला कागद पुढे करायचा नाही.

मामा — आता माझे शेवटचे म्हणणे. अमरावतीला नोकरीस असताना मी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मैदान पाहत असे. १९१४ सालची संस्था, १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तेथे जाऊन आपले देशी खेळ दाखविले. तेथली पोरे मल्लखांबावरून उडी घेत, मातीवर आदळत, उठत. हाडाला ठोका हवा, असे तेथले एक वस्ताद म्हणत. तुझ्या या यंत्रावर ठोका कोठे आहे? पर्वतीच्या पायरीवर एखादा दगड हललेला असतो, पावसाळ्यात शेवाळ असते. पाऊल ठेवण्यापूर्वी डोळा, घोटा, कंबर सगळ्यांची मसलत होते. येथे पेडल माझे पाऊल बोटाला धरून नेते. वर्षभर येथे चाललो आणि एक दिवस मंडईत केळीच्या सालीवर पाय पडला, तर हे यंत्र मला सावरायला येणार आहे काय?

भाची — नाही येणार.

ती इतक्या चटकन म्हणाली, की मामा बचावाच्या तयारीत होते ते तसेच राहिले.

भाची — वस्तादांचे म्हणणे बरोबर आहे. जर्मन शल्यचिकित्सक यूलियुस वोल्फ यांनी १८९२ साली हेच मांडले, की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडविते. धावताना दर पावलाला वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा धक्का जमिनीकडून येतो. या यंत्रावर पाऊल आपटतच नाही. तुमच्या गुडघ्याला तेच हवे आहे, कारण पायऱ्या उतरताना त्या सांध्यावर वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. पण गुडघ्याला जे सुख, ते हाडाला पुरेसे शिक्षण नव्हे; आणि तोल तर येथे शिकताच येत नाही, कारण हालचाल फक्त पुढे-मागे, आडवी नाहीच. म्हणून तुमच्या वयाला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या बळाचा आणि तीन दिवस तोलाचा व्यायाम सांगितलेला आहे, तो या खोलीबाहेर करायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, आणि संध्याकाळी सारसबागेपर्यंत सपाट रस्त्याने पायी. पर्वती मात्र गुडघा बळावल्यावर, अस्थितज्ज्ञांना विचारून. तीही चढायची जास्त, उतरायची कमी.

मामा — चढेन आणि वरच राहीन, असे म्हणतेस?

भाची — देवळात जागा असेल तर राहा.

दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकल्यावर मध्यस्थाने फैसला द्यावा अशी मामांनी सूचना केली, आणि मध्यस्थ म्हणजे हातात त्यांचे वर्तमानपत्र घेऊन उभा असलेला मी. माझ्या अल्पमतीला जे दिसले ते असे. मामांची तक्रार दोन भागांची होती. यंत्र निरुपयोगी आहे हा भाग पुराव्याअभावी फेटाळण्यात येतो, कारण तीन आठवडे यंत्राकडून काम घेतलेच गेले नव्हते. यंत्र अपुरे आहे हा भाग मान्य करण्यात येतो, कारण हृदयाचे खाते त्यावर भरता येते. पण हाडांचे, तोलाचे आणि उन्हा-वाऱ्याचे खाते त्यावर उघडतच नाही. टेकडी चुकार माणसाला आपोआप कामाला लावते, चढ त्याच्या मर्जीवर अवलंबून नसतो. यंत्राचा चढ मात्र ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने ठरवायचा असतो. आणि स्वतःवर सारा बसविताना सूट देण्याची बुद्धी कोणाला होत नाही? त्यामुळे या यंत्रावर जो उभा राहील त्याला तलाठी, शेतकरी आणि तपासनीस या तिन्ही भूमिका एकट्याने कराव्या लागतात. ज्याला तपासनीस होणे जमत नाही, त्याने आठवड्यातून एकदा तरी कोणाला शेजारी उभे करून चार वाक्ये बोलून दाखवावीत.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मामांची पातळी आठवर आहे. वहीत त्यांनी कॅलरीचा रकाना खोडून तेथे ‘दम’ असे लिहिले आहे आणि त्याखाली बोर्गचे आकडे टिपतात. वजन एक किलोने उतरले, त्याचे श्रेय भाची ताटाला देते. परवा पुन्हा वीज गेली तेव्हा ते चौथ्या मजल्यापर्यंत एकदाच थांबून पोहोचले. वर्तमानपत्र आता ते घरी, चहाबरोबर वाचतात.